नौबतीच्या घटका आणि घरचे ध्वनियंत्र

घरात गाणे ऐकण्याचे यंत्र अष्टौप्रहर चालू ठेवावे, की ऐकणे संपताच कळ फिरवून ते शांत करावे, या प्रश्नावर सुशिक्षित कुटुंबांतून आजही दोन तट पडलेले दिसतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, यंत्र वारंवार चालू-बंद केल्याने त्याला धक्के बसतात, शिवाय ते तापून स्थिर झाल्याखेरीज त्याचा खरा आवाज खुलत नाही. म्हणून ते कधी बंदच करू नये. दुसरा पक्ष विजेच्या देयकाकडे बोट दाखवितो आणि रिकाम्या खोलीत जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो. दोन्ही पक्षांस आपला मुद्दा आजच्या यंत्रावरून सुचला असे वाटते; परंतु यांतील बहुतेक मुद्दे शंभर वर्षांचे जुने आहेत, आणि ज्या यंत्रांविषयी ते प्रथम मांडले गेले ती यंत्रे आता घरांतून जवळजवळ नाहीशी झाली आहेत. यंत्र गेले तरी त्यासंबंधीचा नियम मागे राहतो. या वादात झाले आहे ते असे.

या वादाचा मागोवा घेण्यास खुलताबादेहून निघणे सोयीचे आहे. औरंगाबादेच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, वेरूळच्या लेण्यांच्या माथ्यावरील डोंगरपठारावर हे गाव वसले आहे. त्याचे जुने नाव रौजा. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याने दौलताबादेस राजधानी नेण्याचा घाट घातला, तेव्हा दिल्लीहून जी मंडळी दक्षिणेत आली त्यांत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हे होते. १३३७ साली ते निवर्तले आणि त्यांची समाधी येथे झाली. बुऱ्हाणुद्दीन यांचा लौकिक मुख्यतः श्रवणाविषयी आहे. ‘समा’ म्हणजे ईश्वरचिंतनार्थ गाणे ऐकणे. त्यात ते इतके तन्मय होत की त्यांच्या अनुयायांच्या डोलण्याच्या रीतीस त्यांचेच नाव पडले. पण या श्रवणप्रेमी संप्रदायातही गाणे केव्हाही, कोठेही ऐकावे अशी मोकळीक नव्हती. सूफी परंपरेत जुनैद याच्या नावावर सांगितला जाणारा नियम असा की, समाला तीन गोष्टी अवश्य लागतात: योग्य काळ, योग्य स्थळ आणि योग्य सोबती. त्यांतील काळ आधी सांगितला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याच गावात, बुऱ्हाणुद्दीन यांच्या परंपरेतील जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात, १७०७ साली मरण पावलेल्या औरंगजेब बादशहाची साधी कबर आहे. त्याला मरणोत्तर ‘खुल्दमकान’ म्हणत, आणि त्यावरून गावाचे नाव खुलताबाद झाले. या बादशहाने दरबारी गवयांस रजा दिल्याची गोष्ट शाळेच्या पुस्तकांपासून सर्वत्र आहे. गवयांनी संगीताची प्रेतयात्रा काढली आणि बादशहाने ते खोल पुरावयास सांगितले, ही मनुचीने लिहिलेली कथा तर फारच प्रसिद्ध आहे. कथा चटकदार आहे एवढ्यावरून ती खरी मानण्याचे कारण नाही. अलीकडील संशोधकांनी तिच्याविषयी पुष्कळ शंका घेतल्या आहेत, आणि एक गोष्ट तर निश्चित आहे की राजवाड्यावरील नौबत त्या काळातही वाजत राहिली. कारण नौबत हे करमणुकीचे साधन नव्हते. ते राज्याचे चिन्ह होते आणि लोकांचे घड्याळ होते. त्याच दर्ग्याच्या मोठ्या चौकात दक्षिणेच्या बाजूस नगारखाना असल्याचे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. गवयांस रजा देणाऱ्या बादशहाच्या कबरीच्या अंगणात नगारखाना असावा, यातील गंमत वाचकांस सांगावयास नको.

नौबत अखंड वाजत नसे, आणि हाच या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा आहे. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलने तिच्या वेळा दिल्या आहेत. पूर्वी ती रात्र पडण्यापूर्वी चार घटका आणि उजाडण्यापूर्वी चार घटका वाजे; अकबराने तीत बदल करून पहिली नौबत मध्यरात्री, म्हणजे सूर्य पुन्हा वर चढू लागतो तेव्हा, आणि दुसरी पहाटे ठेविली. घटका म्हणजे चोवीस मिनिटे; पाण्यावर तरंगणारे सच्छिद्र भांडे भरून बुडावयास लागणारा काळ. त्या हिशेबाने जुनी पहाटेची नौबत सूर्योदयाआधी दीड तासाहून थोडी अधिक अगोदर होई. तीत नगारे, कर्णे, सनया, झांजा असा मोठा वाद्यसंभार असे आणि तो वाजविणाऱ्या माणसांच्या हातांस व छातीस विश्रांती लागे, हे तर उघडच आहे. पण वेळ राखण्याचे कारण तेवढेच नव्हे. जो आवाज अखंड चालू असतो तो वेळ सांगू शकत नाही. नगारा थांबतो म्हणूनच तो पुन्हा वाजला की ऐकणाऱ्याला काही कळते.

घरच्या यंत्रांत पहिले आले ते ग्रामोफोन, आणि त्याच्या बाबतीत चालू ठेवण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. चावी भरावी, पोलादी सुई बदलावी, तीन-चार मिनिटे एक बाजू ऐकावी, की पुन्हा उठावे. यंत्र माणसाला स्वस्थ बसू देत नसे. ते आपण होऊनच बंद पडे.

खरा प्रश्न उभा राहिला तो रेडिओने. मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते चालविणारी कंपनी तीन वर्षांच्या आतच बुडाली, मग सरकारने ते काम हाती घेतले, आणि १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत खासगी हौसेतून निघालेले छोटे केंद्र १९३५ साली निजाम सरकारने आपल्याकडे घेतले, आणि पुढे ‘डेक्कन रेडिओ’ या नावाखाली हैदराबादेबरोबर औरंगाबादेसही केंद्र झाले. म्हणजे खुलताबादसारख्या गावाच्या अगदी उशाशी, एका दिवसात पायी जाऊन येण्याजोग्या अंतरावर, आकाशात बोलणारी एक जागा निर्माण झाली.

तेव्हाचे ग्राहकयंत्र म्हणजे काय होते, हे आजच्या पिढीस सांगावयास हवे. त्याच्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह असत. प्रत्येकात एक तंतू तापून लाल होई, आणि तो तापल्यावाचून यंत्र मुके. कळ फिरविल्यापासून आवाज येईपर्यंत अर्धे-एक मिनिट जाई. केंद्रेही दिवसभर बोलत नसत. सकाळी काही वेळ, दुपारी काही वेळ आणि मुख्यतः संध्याकाळी. सभा सुरू होण्यापूर्वी ऑल इंडिया रेडिओची जी परिचयाची धून वाजे, जिची रचना वॉल्टर कौफमन यांच्या नावे ओळखली जाते, तिचा एक उपयोग अगदी व्यावहारिक होता: श्रोत्याला यंत्र तापविण्यास आणि काटा नेमक्या जागी आणण्यास त्या धुनेमुळे अवधी मिळे. नगारखान्याचे काम आता तंबोरा आणि व्हायोलिन करू लागले होते.

शहरातील घरी जे विजेचे यंत्र असे ते साधारण चाळीस ते साठ वॉट वीज घेई. मध्यम मान पन्नास धरले, तर दिवसाकाठी तीन तास ऐकणाऱ्यास वर्षाला पंचावन्न युनिटे पुरत आणि रात्रंदिवस चालू ठेवणाऱ्यास चारशे अडतीस लागत. परंतु ज्या गावी वीजच नव्हती तेथील हिशेब याहून फार कडक होता. तेथे यंत्र विद्युद्घटांवर चाले. एक शिसे व तेजाब यांचा दोन व्होल्टांचा घट, तंतू तापविण्यासाठी. आणि दुसरी नव्वद किंवा एकशेवीस व्होल्टांची कोरडी बॅटरी, आवाज उठविण्यासाठी. पहिला रिता झाला की उचलून भरावयाच्या दुकानी न्यावयाचा, आणि वाटेत तेजाब धोतरावर सांडू द्यावयाचे नाही; दुसरी संपली की फेकून नवी आणावयाची, आणि ती स्वस्त नसे. समजा, घट तीस अँपिअर-तासांचा आहे आणि यंत्राचे व्हॉल्व्ह अर्धा अँपिअर प्रवाह घेतात. म्हणजे तो साठ तास पुरेल. रोज तीन तास ऐकले तर वीस दिवस. कळ फिरविण्याचे विसरले तर अडीच दिवस.

सरकारी योजना आखणारांनाही याची पुरी जाणीव होती. १९३० नंतरच्या दशकात ग्रामीण ध्वनिक्षेपणाचे प्रयोग सुरू झाले आणि खेड्यांतून सामुदायिक यंत्रे बसविण्यात आली, तेव्हा ती गावकऱ्यांच्या हाती मोकळी सोडलेली नव्हती. पेटीला कुलूप, काटा एकाच केंद्रावर पक्का केलेला, आणि आत घड्याळाला जोडलेला एक खटका. कार्यक्रमाची वेळ झाली की खटका आपोआप यंत्र चालू करी आणि वेळ संपली की बंद करी. बॅटऱ्या ठरावीक मुदतीने मोटारीतून येऊन बदलल्या जात. या खटक्यामागे काटकसर होती, तसाच अविश्वासही होता. गावकऱ्याने काय ऐकावे हे तर सरकारने ठरविलेच, पण केव्हा ऐकावे हेही त्याच्याकडे ठेविले नाही. चावडीवर यंत्र आपण होऊन बोलू लागे आणि कोणी ऐकत असो वा नसो, आपण होऊनच थांबे. आज घराघरांतून जी यंत्रे स्वतःच जागी होतात व स्वतःच झोपतात, त्यांचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही. मात्र त्याची किल्ली घरधन्याकडे नसे.

यंत्र सतत चालू ठेवण्याचा मोह खरोखर केव्हा अनावर झाला असेल, तर तो १९४८ च्या सप्टेंबरात. हैदराबाद संस्थानाचे भवितव्य काय, हा प्रश्न वर्षभर धुमसत होता. डेक्कन रेडिओवरून रझाकारांच्या पुढाऱ्यांची भाषणे एक सांगत आणि ऑल इंडिया रेडिओ दुसरे. १३ सप्टेंबरच्या पहाटे हिंदी फौजा संस्थानात शिरल्या. १५ तारखेस औरंगाबाद त्यांच्या हाती आले. १७ तारखेच्या संध्याकाळी खुद्द निजामाने नभोवाणीवरून शस्त्रे खाली ठेवल्याचे जाहीर केले. आता वर दिलेला घटाचा हिशेब या दिवसांस लावून पाहावा. १३ च्या पहाटे ज्या घराने नुकता भरलेला घट जोडून यंत्र चालू केले आणि बातमी चुकेल या भीतीने ते बंदच केले नाही, त्याचे साठ तास १५ तारखेच्या दुपारी संपले असते. औरंगाबाद पडले त्याच दिवशी त्या घरातील रेडिओ मुका झाला असता, आणि युद्ध संपल्याचे खुद्द निजामाच्या तोंडून ऐकण्याचे भाग्य त्या घराला लाभले नसते. याउलट जो शेजारी बातम्यांच्या वेळा पाठ करून तेवढ्यापुरतेच यंत्र लावीत असेल, त्याच्या घटात १७ च्या संध्याकाळी अर्ध्याहून अधिक दम शिल्लक असता. मराठवाड्यातील विजेवाचूनच्या घरांत त्या पाच दिवसांत हा हिशेब कोणी कागदावर मांडला नसेल. पण ज्याच्या घरी घट होता त्याला तो तोंडपाठ असणार. भीतीच्या दिवसांत बंद यंत्रापुढे बसून घड्याळाकडे पाहत राहणे, याला काही लहानसा धीर लागत नाही.

दुसऱ्याच टोकाचे उदाहरण इंग्लंडात घडले होते, आणि यंत्र बंद करू नये असे म्हणणाऱ्या पक्षाचे खरे शास्त्र तेथून निघते. १९४३ साली टॉमी फ्लॉवर्स या टपाल खात्यातील अभियंत्याने जर्मनांचे गुप्त संदेश उकलण्यासाठी ‘कोलोसस’ नावाचे यंत्र बांधावयास घेतले. ते १९४४ च्या आरंभी ब्लेचली पार्क येथे कामास लागले. त्यात सुमारे सोळाशे व्हॉल्व्ह होते. तज्ज्ञांनी मान हलविली: घरच्या रेडिओतील पाच-सहा व्हॉल्व्ह वर्षभर धड टिकत नाहीत, मग सोळाशे एका वेळी कसे टिकणार? फ्लॉवर्सचा टेलिफोनच्या कामातील अनुभव निराळा होता. व्हॉल्व्ह मोडतो तो प्रायः तापताना आणि निवताना. थंड तंतूचा रोध कमी असल्याने कळ दाबताच त्यातून नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह धावतो, काच आणि धातू कमीजास्त प्रसरण पावतात, आणि तंतू तुटतो. तो कधी बंदच केला नाही तर वर्षानुवर्षे चालतो. फ्लॉवर्सचे म्हणणे खरे ठरले. ही हकीकत मात्र १९७० नंतरच्या दशकापर्यंत गुप्तच राहिली. पुढे १९५६ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली टेलिफोन-तार घातली गेली. तिच्यातील व्हॉल्व्ह समुद्राखाली बावीस वर्षे अखंड तापत राहिले आणि १९७८ साली ती तार निवृत्त होईपर्यंत त्यांतील एकही निकामी झाला नाही.

मग घरचा रेडिओही तसाच अखंड का ठेवू नये? येथे दोन्ही पक्ष एकमेकांच्या डोक्यावरून बोलतात. कोलोसस रात्रंदिवस काम करीत होते. त्याला बंद ठेवण्याची वेळच नव्हती. समुद्रतळाच्या तारेतील व्हॉल्व्ह तर निवडून, पारखून, मुद्दाम मंद तापतील असे केलेले. घरातील व्हॉल्व्ह बाजारी होता. त्याच्या तापणाऱ्या भागावर जो ऑक्साइडचा लेप असे, तो तापण्याच्या प्रत्येक तासागणिक झिजे. आवाजाला जोर देणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हाचे आयुष्य काही हजार तासांचे धरीत. वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ. रोज तीन तास ऐकणारा वर्षाला फक्त एक हजार पंचाण्णव तास खर्ची घालतो. तेव्हा कळ दाबण्याचा धक्का वाचविण्यासाठी अखंड चालू ठेवणारा गृहस्थ, पायरीची झीज टाळण्याकरिता रात्रभर जिन्यावरच उभा राहणाऱ्या माणसासारखा होता. त्यातून उष्णतेने पेटीतील इतर भाग, विशेषतः मेणकागदाचे आणि द्रवगर्भ धारित्र, वाळून जात ते निराळेच. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अनुभवास आली. व्हॉल्व्ह तापता ठेवावा पण त्यातून काम घेऊ नये, अशा अर्धवट स्थितीत तो लवकर आळशी होतो. लेप आणि त्याखालील धातू यांच्यामध्ये एक अडसर-थर साचतो आणि पुढे काम सांगितले तरी तो पुरते करीत नाही. अभियंत्यांनी याला निद्रारोगाचे नाव दिले होते. पूर्ण जागे किंवा पूर्ण निजलेले, असेच ते यंत्र होते. डुलकी त्याला मानवत नसे.

१९५० च्या एप्रिलात हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे आली. पुढील इतिहास झपाट्याचा आहे. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली, आणि दिवसातील बराच वेळ गाणे हवेत तरंगू लागले. त्याच सुमारास ट्रान्झिस्टर आला. १९४७ साली अमेरिकेत शोध, १९५४ साली पहिला खिशातला रेडिओ, आणि पुढील दोन दशकांत तो भारतात शेताच्या बांधापर्यंत पोहोचला. त्याला तापावे लागत नाही. कळ दाबताक्षणी तो बोलतो आणि काही लहान सेलांवर आठवडेच्या आठवडे चालतो. तंतू नाही, म्हणून धक्का नाही. लेप नाही, म्हणून तशी झीज नाही. व्हॉल्व्हने दिलेले दोन्ही नियम, बंद करू नका आणि चालू ठेवू नका, एकाच वेळी निराधार झाले. पण नियम माणसांच्या सवयीत राहिले, आणि रेडिओ दुकानदारांच्या तोंडून पुढच्या पिढीकडे गेले.

यानंतरची अवस्था अशी की, यंत्र बंद केले तरी ते बंद होत नाही. दूरनियंत्रकाची वाट पाहत ते जागेच असते. एक लाल ठिपका तेवढा दिसतो. १९९० नंतरच्या दशकात या प्रतीक्षेतील यंत्रांचा वीजखर्च अॅलन मायर प्रभृती संशोधकांनी मोजला आणि असे यंत्र एका वॉटपेक्षा अधिक वीज घेऊ नये अशी सूचना १९९९ साली पुढे आणली. युरोपीय संघाने २०१० पासून एक-दोन वॉटांची आणि २०१३ पासून त्याच्या निम्मी मर्यादा कायद्याने घातली. एक वॉट वर्षभर म्हणजे पावणेनऊ युनिटे. ही गोष्ट कोणत्याही सुखवस्तू कुटुंबाने चिंता करावी अशी नाही. परंतु जुन्या धाटणीचा मोठा ध्वनिवर्धक, ज्यास ‘ए’ किंवा ‘एबी’ वर्गाचा म्हणतात, तो गाणे नसतानाही तीस-चाळीस वॉट सहज पिऊन बसतो. ‘ए’ वर्गाचा तर याहून कितीतरी अधिक. याउलट अलीकडील ‘डी’ वर्गाचे वर्धक निष्क्रिय असता फार थोडी वीज घेतात. तेव्हा ‘ध्वनियंत्र चालू ठेवावे काय’ या प्रश्नाला एकच उत्तर मागणे हे ‘जनावराला चारा किती घालावा’ असे विचारण्यासारखे आहे. शेळी की हत्ती, ते आधी सांगावे लागते.

तापल्यावर आवाज सुधारतो, या रसिकांच्या दाव्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. ट्रान्झिस्टरच्या वर्धकातील स्थिर प्रवाह तापमानाबरोबर हलतो आणि स्थिरावयास त्याला काही वेळ लागतो; पण हा वेळ अर्ध्या-एक तासाचा असतो, अहोरात्राचा नव्हे. ज्याला आठ वाजता बैठक ऐकावयाची त्याने सात वाजता कळ दाबावी. गवई तंबोरे जुळवितो तेवढा हा अवधी आहे, आणि त्यासाठी कोणी तंबोरे वर्षभर जुळवीत बसत नाही. दुसऱ्या बाजूस, द्रवगर्भ धारित्र आजच्या यंत्रांतही आहेत आणि त्यांचा जुना नियमही कायम आहे: तापमान दहा अंशांनी उतरले की त्यांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, चढले की निम्मे. बंद कपाटात कोंडलेले, वैशाखाच्या उकाड्यात दिवसरात्र तापत राहिलेले यंत्र त्यामुळे गाणे न म्हणताच म्हातारे होते. आजही व्हॉल्व्हचे वर्धक हौसेने घेणारी मंडळी आहेत. त्यांना तर काही हजार तासांचा जुना हिशेब जसाच्या तसा लागू आहे, आणि तो त्यांना दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक अंग आहे, ते युरोपातील कायद्यांत सापडावयाचे नाही. वीज जाते, आणि परत येताना शांतपणे येत नाही. जाऊन आलेल्या विजेचा पहिला झटका ज्या यंत्रांवर पडतो ती सगळी चालू ठेवलेली यंत्रे असतात. आणि रोहिणी-मृगाच्या सुमारास, तसेच परतीच्या पावसात, खुलताबादसारख्या उघड्या पठारावर जी विजांची वादळे होतात त्यांचा धोका त्याहून मोठा आहे. व्हॉल्व्हच्या काळातील श्रोता या बाबतीत आजच्यापेक्षा सावध होता. छपरावर दोन बांबूंमध्ये ताणलेली त्याची एरिअलची तार खिडकीतून आत येई तेथे एक सुरीसारखा दुपाखी खटका बसविलेला असे. आभाळ भरून आले की तो खटका पाडून तार यंत्रापासून तोडावयाची आणि जमिनीत पुरलेल्या तारेला जोडावयाची. आता छपरावर तार नाही, म्हणून धोकाही नाही असा समज आहे. पण विजेचा प्लग आणि दूरचित्रवाणीची किंवा इंटरनेटची तार या दोन्ही वाटांनी तीच वादळी वीज आत येते. भिंतीवरची कळ बंद केल्याने ती अडत नाही, कारण कळीच्या आतील फट काही मिलिमीटरांची असते आणि वीज ढगापासून जमिनीपर्यंतचे अंतर ओलांडून आलेली असते. म्हणून आभाळ भरून येऊ लागले की, गडगडाट सुरू होण्यापूर्वीच, नुसती कळ बंद करून थांबू नये. प्लग भिंतीतून उपसावा, यंत्राच्या पाठीमागील दुसरी तारही काढावी, आणि दोन्ही टोके हातभर दूर ठेवावी.